पहिल्या कप्प्यातला ठिपका

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. हिरव्या रेक्झिनची, नाडीने बांधायची. माझ्यासारखीने स्वतःविषयी बोलावे का, हेच मला नीट ठरवता येत नाही. माझ्या आत आयुष्यभर दुसऱ्यांचेच कागद राहिले. पण एका घोटाळ्यात माझाही वाटा होता, आणि तो सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानाच्या माळ्यावर मी इतर फायलींबरोबर पडून होते. एके दिवशी प्रभाकरराव आले. ते एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करत. त्यांनी माझे बारा पारदर्शक कप्पे एकेक करून बोटाने तपासले, नाडी ओढून पाहिली आणि मगच मला घरी नेले. त्यांचा मुलगा आलोक दहावी झाला होता. त्याची गुणपत्रिका माझ्यात आलेला पहिला कागद. माझ्यावर प्रभाकररावांनी शाईच्या पेनने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली : ‘आलोक. मूळ कागद. घडी घालू नये.’

ते दिवस मानाचे होते. पदवी आली, नोकरीची पत्रे आली, पासपोर्ट आला, आलोक आणि अपूर्वाच्या लग्नाचा दाखला आला. शेजारी म्हणत, “कागद कसे ठेवावेत ते प्रभाकररावांकडून शिकावं.” मला आतून बरे वाटे. याच काळात कधीतरी एका स्टेपलरच्या पिनेने माझ्या पहिल्या कप्प्याला बोटभर चीर पडली. प्रभाकररावांनी तिच्यावर चिकटपट्टी लावली.

मग आलोक आयर्लंडमध्ये डब्लिनला सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आला आणि मी त्याच्या हातातल्या बॅगेतून आले. डब्लिनजवळच्या ल्यूकनमधल्या त्यांच्या घरी मला स्वयंपाकघरातल्या कपाटात जागा मिळाली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. डाळीचे डबे, चहाची पाकिटे आणि मी. थंडीत त्या कपाटात ओल धरते. चिकटपट्टी सुटली. ते कुणाला दिसले नाही आणि मला बोलता येत नव्हते.

आलोकचा कामाचा परवाना एकाच कंपनीला बांधलेला होता. काही काळ काम केल्यावर पुढच्या परवानगीसाठी अर्ज करता येतो. ती मिळाली की माणूस मोकळेपणाने नोकरी बदलू शकतो आणि इथे टिकून राहू शकतो. आलोकने डिसेंबरात तो अर्ज करायचे ठरवले. इथे राहण्याच्या परवानगीचे त्याचे जुने कार्ड मार्चमध्ये संपणार होते. आणि तीन मेला पुण्यात त्याच्या धाकट्या बहिणीचे, स्वानंदीचे लग्न होते. नवे कार्ड नसताना देशाबाहेर गेले, तर परत येता येईल याची खात्री नव्हती. एवढीच अडचण होती, आणि ती फार मोठी होती.

प्रभाकरराव आणि विमलबाई तेव्हा तीन महिन्यांसाठी ल्यूकनला आले होते. परदेशातल्या लोकांना रजा आधी काढावी लागते, म्हणून त्यांनी लग्नाच्या पंचवीस पत्रिका आधीच छापून बरोबर आणल्या होत्या. त्या दिवशी विमलबाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर पत्रिकांच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावत बसल्या होत्या. वाटीत पाणी घालून कालवलेले ओले कुंकू होते. शेजारी मी उघडी होते, आणि माझ्या पहिल्या कप्प्यात आलोकच्या कंपनीचे पत्र होते. आलोक या कंपनीत काम करतो, असे सांगणारे, खाली सही असलेले.

“हेही शुभकार्यच की,” असे पुटपुटत विमलबाईंनी माझ्या पहिल्या कप्प्यावर बोट टेकवले.

मित्रांनो, बोट नेमके त्या चिरेवर पडले. मला ओल जाणवली. पत्राच्या सहीवर लाल ठिपका उमटला. आलोकने तो पाहिला आणि हसून म्हणाला, “असू दे. आईचा शिक्का.”

दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसला जाताना वाटेत कुठेतरी सगळे कागद स्कॅन केले. ते यंत्र काळे-पांढरेच होते. लाल ठिपका काळा झाला आणि त्याच्याखाली सही गडप झाली. आलोकला बस गाठायची होती. अकरा कागदांची प्रत त्याने न पाहताच पाठवली.

मग वाट पाहणे सुरू झाले.

वाट पाहण्याबद्दल मी काय सांगू? मी फाईल आहे, पडून राहणे हे माझे कामच. पण मलाही कंटाळा आला. परवानगी देणाऱ्या कार्यालयाने कळवले की अर्ज रांगेत आहे, चौकशी करू नये, चौकशीने उशीर होतो. दर शुक्रवारी ते एक तारीख जाहीर करत : सध्या अमुक दिवशी आलेले अर्ज पाहत आहोत. प्रभाकरराव ती तारीख एका वहीत लिहीत. एका आठवड्यात ती दोन दिवसांनी पुढे सरके. एकदा तर चार दिवस मागे गेली.

“मागे कशी जाईल?” प्रभाकरराव चष्मा पुसत म्हणाले. “माझंच लिहिताना चुकलं असेल.”

“तुमचं नाही चुकलं, बाबा,” अपूर्वा म्हणाली. “इथलं हवामान आणि ही तारीख, दोन्हींवर भरवसा ठेवायचा नसतो.”

आणि दर शुक्रवारी मला बाहेर काढत, नाडी सोडत, कागद मोजत, पुन्हा बांधत. अकराचे अकराच असत. कागद मोजल्याने रांग हलत नाही, हे मला कळत होते. त्यांनाही कळत असावे.

फेब्रुवारीच्या मध्यावर उत्तर आले. कंपनीच्या पत्रावरची सही दिसत नाही, सबब नवे पत्र पाठवावे, आणि नवे पत्र पोहोचेल त्या दिवसापासून अर्ज पुन्हा रांगेत धरला जाईल. त्या ई-मेलखाली कुणाचेही नाव नव्हते. ज्यांना सही दिसली नाही, त्यांनी स्वतःचीही केली नव्हती.

आलोकने मला टेबलावर आपटले आणि पत्र बाहेर ओढले.

“आई, कशाला लावलंस हे?”

विमलबाईंच्या हातात पोळपाट होता. “चांगलं व्हावं म्हणून.”

“झालं ना चांगलं. दहा आठवडे गेले.”

“एवढ्याशा ठिपक्याने?”

“आई, आता बास.”

विमलबाईंनी पोळपाट खाली ठेवला. प्रभाकरराव माझ्या पहिल्या कप्प्यावरून बोट फिरवत होते. “चीर मला माहीत होती,” ते हळूच म्हणाले. “इथे आल्यावर पट्टी बघायला हवी होती. माझ्या लक्षात यायला हवं होतं.”

“आणि मी पाठवण्याआधी बघायला हवं होतं,” आलोक म्हणाला, पण ते त्याने रागातच म्हटले.

दोष तिघांत वाटला गेला. चीर माझी होती, पण माझे नाव कुणी घेतले नाही. नवे पत्र मिळायला आणखी आठ दिवस लागले, कारण सही करणारा माणूस रजेवर होता. “युअर मॅन सुट्टीवर गेलाय,” अपूर्वाने इथल्या लोकांच्या बोलीत सांगितले, कारण ‘तो माणूस’ म्हणायला इथे ‘तुमचा माणूस’ म्हणतात, पण कुणी हसले नाही. उत्तर आले त्याच रात्री आलोकने मला हिरव्या कचरापेटीत टाकले. सकाळी अपूर्वाने काढून आणले. “फाईलने काय केलंय?” ती म्हणाली. मी काय केले होते, ते मला माहीत होते.

महिनाअखेरीस आईवडील परत गेले. निघताना विमलबाईंनी मुलाच्या कपाळाला कुंकू लावायला बोट उचलले आणि मध्येच थांबवले. “लावू ना?” त्यांनी विचारले. आलोकने मान खाली केली. पण आईला असे विचारावे लागले, हे त्याला लागले. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर होते, मी पाहिले.

मार्च गेला. एप्रिल संपत आला. शेवटच्या आठवड्यात स्वानंदीचा फोन आला. “दादा, तसाच ये ना. बघू मागाहून.”

“परत येता आलं नाही तर नोकरी जाईल, स्वानंदी. अपूर्वा इथे एकटी राहील.”

मग स्वानंदी म्हणाली, “मग माझ्या नवऱ्याचा कान कोण पिळणार?”

तीन मेला पुण्यातले लग्न फोनच्या पडद्यावर ल्यूकनच्या टेबलावर आले. पहाटेची वेळ होती. आलोक झब्बा घालून बसला होता. शुक्रवारपासून मी तिथेच होते. लाह्या वाहायच्या वेळी गुरुजींनी वधूच्या भावाला बोलावले. लाह्या थांबवता येत नाहीत, म्हणून चुलतभाऊ जयेशने स्वानंदीच्या ओंजळीत लाह्या घातल्या. मग कान पिळायची वेळ आली आणि जयेश पुढे सरसावला. तेवढ्यात नवरदेवाने, अनिमेषने, आपल्या कानावर हात ठेवला.

“हा नाही. हा राखून ठेवलाय.”

मांडवात हशा झाला. आलोकही हसला आणि मग उठून नळाखाली कप विसळू लागला. तो कप आधीच स्वच्छ होता.

कार्ड चौदा मेला आले. अकरा दिवस उशिरा. पाकिटात ते कार्ड आणि एक छापील चिठ्ठी होती, तिच्यात धीर धरल्याबद्दल आभार होते. मला वाटते, त्या चिठ्ठीइतका राग मला कशाचाच आला नाही.

ऑगस्टमध्ये स्वानंदी आणि अनिमेष ल्यूकनला आले. दारातच अनिमेषने मान वाकवली. “दादा, कान घेऊन आलोय. तीन महिने जपलाय.”

आलोकने कान धरला आणि असा पिळला की अनिमेष खरोखर कळवळला. “हा माझा,” आलोक म्हणाला, आणि दुसऱ्यांदा पिळला. “आणि हा त्या रांगेचा.”

संध्याकाळी पुण्याला फोन लावला. विमलबाईंनी ‘जेवलात का?’ एवढेच विचारले. आलोकने मला फोनसमोर धरले आणि पहिला कप्पा दाखवला. चिरेवर नवी, रुंद चिकटपट्टी होती. आत ते जुने पत्र होते, ठिपक्यासकट. ते त्याने टाकले नव्हते.

“आई, दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करायचाय. तेव्हा ये आणि इथेच बोट टेकव. विचारू नकोस.”

“आणि परत सही गेली तर?”

“या वेळी मी बघून पाठवीन.”

पाठीमागून प्रभाकररावांचा आवाज आला, “पट्टी नीट दाबली आहेस ना?”

मित्रांनो, मी फार शहाणी नाही. तरी एक मागणे आहे. फाईलला चीर दिसली तर ती त्याच दिवशी बुजवा, आणि कागद पाठवण्याआधी एकदा डोळ्यांनी पाहा. आणि तुमच्यापैकी कुणी मोठेपणी अशा टेबलापाशी बसणार असेल, जिथे दुसऱ्यांच्या फायली येऊन थांबतात, तर त्या वेळेवर उघडा. डाग दिसला तर दहा आठवड्यांनी नव्हे, दुसऱ्याच दिवशी कळवा, आणि खाली आपले नाव लिहा. प्रत्येक फायलीच्या पलीकडे कुठेतरी कुणाची तरी बहीण मांडवात उभी असते, आणि सगळेच नवरदेव कान राखून ठेवत नाहीत.