तीर्थाच्या पळीतलं औषध

तुम्ही आमच्या अंगावरची अक्षरं वाचत नाही. पंचांग वाचता, सोयाबीनचा भाव वाचता, एसटीची पाटी धावता धावता वाचता. पण आजारी लेकराच्या तोंडात जे ओतता, त्याच्यावर काय लिहिलंय ते वाचायला तुम्हाला सवड नसते. मी दम्याच्या औषधाची बाटली बोलतेय, आणि रागानंच बोलतेय.

कारखान्यात माझ्यात गोड औषध भरलं, डोक्यावर मापाची टोपी बसवली. तुळजापूरच्या दुकानातून मी तामलवाडीला आले ती आठ वर्षांच्या करिश्मासाठी. श्वास सोडताना तिच्या छातीत शिट्टी वाजायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, टोपीतल्या रेघेपर्यंत, दिवसातून तीनदा.

आईवडील रानात जात, म्हणून औषधाचं काम आजीकडं, हरणाबाईंकडं. औषध आधी देवीपुढं ठेवायचं आणि तीर्थाच्या पळीनं पाजायचं, म्हणजे गुण येतो, ही त्या घरची रीत. माझी टोपी कोरडीच राहिली.

त्या पहिल्या दिवशी मी जे पाहिलं, ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. पळीभर औषध पोटात गेलं आणि थोड्या वेळानं आवळून बसलेल्या श्वासनळ्या सैल होऊ लागल्या. शिट्टी बारीक झाली, मग थांबली. दोन दिवस तुटक बोलणारी पोर एका दमात म्हणाली, "आज्जे, मला भाकर दे की, लई भूक लागलीय." माझ्या त्या घोटभर पाण्यात एवढं बळ आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं.

पण ते बळ छातीपाशीच थांबलं नाही. तिच्या बोटांना कापरं सुटलं. काळीज धावत सुटल्यासारखं धडधडू लागलं. झोप उडाली. तिसऱ्या दिवशी तिच्या हातातल्या वाटीतली आमटी सांडली, तेव्हा शेजारच्या गजराबाई दारात होत्या. गळ्यात कवड्यांची माळ असलेल्या त्या आराधीण, म्हणजे देवीच्या सेवेला वाहिलेल्या.

"हरणाबाई, पोरीच्या अंगात येतंय."

"काय म्हणता?"

"कापरं बघा की. देवी बोलावतीय तिला. शुक्रवारी कवड्यांची माळ घालून आराधीण करू."

हरणाबाईंनी हात जोडले. देवी आल्यावर औषध कशाला? त्यांनी मला फडताळात ठेवून दिलं. तिथून ओरडून सांगावंसं वाटत होतं, की अहो, हे माझ्यामुळं होतंय, माप चुकलंय.

दुसऱ्या दिवशी बोटं स्थिर झाली, आणि छाती पुन्हा वाजू लागली. गुरुवारी दुपारी बरगड्या आत ओढल्या जाताना पाहून रानातून परतलेल्या आईनं हातातलं खुरपं टाकलं, पोरीला उचललं, मला पिशवीत घातलं. हरणाबाई मागोमाग आल्या, पळी पदराला बांधून.

दवाखान्यात वाफ दिल्यावर करिश्माचा श्वास खाली बसला. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "औषध कशानं देत होता?"

हरणाबाईंनी पळी पुढं केली. बाईंनी ती पाण्यानं भरून माझ्या टोपीत ओतली. रेघेपर्यंत टोपी भरली. रिकामी केली, पुन्हा भरली, तेव्हा कुठं पळी संपली.

"दुप्पट गेलंय, आजी. कापरं, धडधड, झोप न लागणं, सगळं त्यानंच."

"देवाच्या पळीनं वाईट कसं व्हईल, बाई?"

"पळीचा काय दोष? पण त्रास झाला तर मला विचारायचं. परस्पर बंद करायचं नाही."

हरणाबाईंनी पळी पुन्हा पदराला बांधली. मग म्हणाल्या, "म्या गजराबाईला शब्द दिलाय. उद्या माळ हाय."

खाटेवरून करिश्मानं विचारलं, "माळ घातल्यावर मला औषध देणार न्हाईस का, आज्जे?"

हरणाबाईंनी तिचे पाय पदरानं पुसले, पुसण्यासारखं काही नसताना.

आता करिश्माकडं डॉक्टरीणबाईंनी दिलेला पंप आहे, श्वासाबरोबर नळकांड्यातून ओढायचा. औषध थेट छातीत जातं, अगदी थोडं पुरतं, हातही फारसे कापत नाहीत. मी अर्धी भरलेली, फडताळात पडून आहे, आणि मला त्याचं दुःख नाही. एवढंच मागते, की आमच्यातलं बळ ओळखा. लेकराचा हात थरथरला तर घाबरू नका, पण गप्पही बसू नका. विचारा.

राहिलं ते त्या शुक्रवारचं: दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गजराबाई माळ घेऊन आल्या. करिश्मा कितीतरी दिवसांनी गाढ झोपली होती. हरणाबाईंनी उंबऱ्यातच त्यांना सगळं सांगितलं. गजराबाई पोरीची वरखाली होणारी छाती बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी माळ ओच्यात ठेवली.

"झोपू द्या तिला," त्या म्हणाल्या. "देवीला कुठं घाई हाय."