ओहोटीच्या चिखलातून

ओक-बुनचा नवरा मुख्य भूमीवरच्या दवाखान्यात पोचण्याआधीच भर समुद्रात, बोटीतच गेला होता. तेव्हापासून बेटाच्या दुसऱ्या टोकाचं अवकाश केंद्र तिच्या डोळ्यांत सलायचं. उड्डाणाच्या दिवशी बोटी काढू नका, असं सांगायला केंद्रातली इंजिनीअर सनु गावच्या सभेत आली, तेव्हा ओक-बुन ताडकन उठली.

"मागचं यान समुद्रात बुडवलंत. आता पुन्हा सरकारी पैशाचा धूर! तुम्हाला चंद्र सापडतो, आणि आमच्या बेटाला एक डॉक्टर सापडत नाही होय गं?"

लोक हसले. सनु हसली नाही. "माझी आईही हेच म्हणते, आजी."

"मग काय सांगतेस तिला?"

"अजून उत्तर सुचलेलं नाही."

अशा पोरीशी भांडायचं तरी कसं! ओक-बुन पुटपुटत खाली बसली.

उड्डाणाच्या दुपारी गाव टेकडीवर लोटलं. ओक-बुन मात्र हट्टानं ओहोटीच्या चिखलात शिंपल्या उकरायला गेली. नणंद माल-ल्ये सोबत होती.

"वहिनी, वर तरी बघा!"

"शिंपल्या वर असतात होय?"

एवढ्यात टेकडीमागे उजेड फुटला. चिखलावरचे सगळे खेकडे एकदम बिळांत शिरले. मग आवाज आला, तो कानांआधी गुडघ्यांना कळला. डबक्यातलं पाणी थरथरलं, छातीचा पिंजरा हादरला. ओक-बुननं मान वर केली.

आगीच्या टोकावर एक पांढरं धूड सावकाश चढत होतं. इतकं सावकाश की आता कोसळेल असं वाटावं.

"पडू नकोस," ती पुटपुटली. मग खुरपं टाकून ओरडलीच, "जा गं बाई, जा वर!"

ठिपका दिसेनासा झाला तरी तिची मान खाली येईना.

"सापडल्या का शिंपल्या वर?" माल-ल्येनं टोमणा मारला. ओक-बुनला तो ऐकूच गेला नाही.

संध्याकाळी, बोटी न काढल्याबद्दल घरोघरी आभार मानत सनु दारात आली. ओक-बुननं तिला ओढून बसवलं, पुढ्यात शिंपल्यांच्या रश्श्याचा वाडगा ठेवला.

"डॉक्टरसाठी मी भांडणारच हं," ती म्हणाली. मग जरा थांबून, हळूच, "तिथून काय दिसत असेल गं आता?"

सनुनं ओल्या बोटानं मेजावर किनारा काढला. "एवढा सगळा देश, आजी. पलीकडचा समुद्रही."

"आणि आपलं बेट?"

सनुनं बोटाच्या टोकानं पाण्याचा एक थेंब ठेवला.

रस्सा निवत होता. ओक-बुन त्या थेंबाकडे बघत राहिली.