कोपऱ्यातली सही

मी एक जुना, रंगवलेला पडदा आहे. मित्रांनो, माझ्याजवळ कोणी आले की मला आधी शंका येते. हा मला पाहायला आला आहे, की माझ्याकडून काही न्यायला? माझी हकीकत ऐकलीत, तर तुम्ही मला संशयी म्हणून नावे ठेवणार नाही.

माझा जन्म भिवंडीतल्या एका यंत्रमाग कारखान्यात झाला. डाग पडल्यामुळे मी विकला गेलो नाही. कांड्या भरणाऱ्या, म्हणजे मागाच्या धोट्यासाठी नळ्यांवर सूत गुंडाळणाऱ्या बायका एका कोपऱ्यात बसत. त्यांच्या आडोशाला मला टांगले. त्यांच्यात कोन गावची ठकुबाई होती. वीज गेली की माग थांबत, आणि ती चुना, गेरू आणि रंगाईतून उरलेला निळा रंग घेऊन माझ्यासमोर बसे. दोन वर्षांत तिने माझ्यावर कांड्या भरणाऱ्या सात बायका काढल्या. बायका त्यात स्वतःला शोधत आणि खिदळत. ते माझे सुखाचे दिवस.

मग मालकांनी, तुळशीराम शेठनी, मला पाहिले. मला चौकटीत बसवून ऑफिसात लावले. व्यापारी विचारत, "शेठ, हे कुणी काढलं?" शेठ नुसते हसत. एके दिवशी पाट्या रंगवणारा माणूस आला आणि माझ्या उजव्या कोपऱ्यात शेठची सही काढून गेला. ठकुबाईने ते दारातून पाहिले. पुढच्या महिन्यापासून ती कामाला आली नाही. त्यानंतर तीस वर्षे माझी वाहवा झाली, पण एकदाही ती मला गोड लागली नाही.

कारखाना बंद पडला, तिथे गोदाम उभे राहिले. शेठनी मला एका कॉलेजला भेट दिले. यंदा तिथे प्रदर्शन ठरले. तीन-तीन विद्यार्थ्यांनी मिळून एकेका चित्राचा अभ्यास करायचा आणि शेजारी लावायचा मजकूर लिहायचा. माझ्या वाट्याला पूर्वी, हेमाली आणि भाविक आले. भाविक हा शेठचा नातू. झाले, मी मनात म्हटले, आता मजकूरही घरचाच!

"उद्योजक आणि संवेदनशील चित्रकार तुळशीराम..." अशी सुरुवातही झाली. लिहिता लिहिता पूर्वी उठली आणि माझ्या कोपऱ्याशी वाकली.

"भाविक, इथे रंगावर सुताची धूळ बसलीय, आणि सही त्या धुळीवर आहे. म्हणजे ती खूप नंतरची."

"मग काय झालं? नंतर आठवलं असेल."

"आणि प्रत्येक बाईच्या बोटाला चिंधी बांधलीय," हेमाली म्हणाली. "का, ते आपल्याला माहीत नाही. काढणाऱ्याला माहीत होतं."

भाविक उसळला. "तुम्हाला माझ्या आजोबांना चोर ठरवायचंय!" कागद उचलून तो निघून गेला.

"हा परस्पर देऊन टाकेल मजकूर," पूर्वी म्हणाली. मलाही तेच वाटले.

दुसऱ्या दिवशी तो आला, तो आजोबांचा हात धरून.

"आजोबा, ह्या बोटांना चिंध्या कशाला?"

"सूत कापतं. दिसभर धरलं की बोट फाटतं."

"तुम्ही भरल्यात कांड्या?"

शेठनी मान हलवली.

"न्हाय. ठकुबाई भरायची, कोनची. पडदा तिचा हाय." मग आवाज खाली गेला. "पन सही पुसू नका रे. लोकांत तोंड दाखवायचंय मला."

तिघे कोनला जाऊन आले. ठकुबाईने म्हणे त्यांना जमिनीचे दलाल समजून दार अर्धेच उघडले. "जागा बघाला आलाव का? इकायची न्हाय!" पण मोबाइलवर माझा फोटो पाहताच तिने साती बायकांची नावे धडाधडा सांगितली.

पूर्वीला सही पुसायची होती. भाविक नको म्हणाला. मला वाटले, हा अजूनही आजोबांनाच वाचवतो आहे. पण तो म्हणाला, "पुसली तर काय झालं होतं तेही पुसलं जाईल." आणि त्याने लिहिले: "चित्रकार ठकुबाई, कांड्या भरणारी कामगार, कोन. कोपऱ्यातली सही तिची नाही. ती माझ्या आजोबांनी नंतर करवून घेतली." प्रदर्शनाच्या मजकुरात 'माझ्या' असे लिहीत नाहीत, म्हणून कॉलेजच्या मॅडमनी तो शब्द खोडला. भाविकने तो परत लिहिला.

प्रदर्शनाच्या दिवशी ठकुबाई आली. तिला वाचता येत नव्हते. भाविकनेच तिला मजकूर वाचून दाखवला. तिने पूर्ण ऐकून घेतले आणि विचारले, "आनि ह्यो कागद उद्या कोन काढनार न्हाय ना?"

भाविकने कागदाची चिकटपट्टी चारी टोकांना पुन्हा दाबली.

मित्रांनो, प्रदर्शन संपून आता दोन महिने झाले. कागद अजून माझ्या शेजारी आहे, पण चिकटपट्टीचे एक टोक सुटले आहे. येणारे-जाणारे मला बघतात, त्याच्याकडे कोणी बघत नाही. तुम्ही कधी आलात, तर माझी स्तुती केली नाहीत तरी चालेल. तेवढे टोक दाबून चिकटवा.