विहिरीपासून पश्चिमेला

सकाळी आठच्या आत एर्विन आपल्या बायकोला अकरा वेळा मदत करत असे. पायांत सपाता सरकवणे ही एक. कॉफीत दूध घालून ती ढवळूनही देणे, ही दुसरी. पावाला लोणी लावणे तिसरी, आणि “पायरी आहे हं, जपून!” ही चौथी. ती पायरी इर्मिना त्याच घरात बावीस वर्षं ओलांडत होती. पुढच्या सात सांगत बसत नाही. वाचकहो, आपल्याही घरात असा एखादा भला माणूस असतोच, आणि कधीकधी तो आपणच असतो.

पोलंडमधल्या बितोम शहरातल्या त्या लाल विटांच्या चाळीत एर्विनचं फार कौतुक होई. “नवरा असावा तर असा!” असं बायका जिन्यात थांबून म्हणत. ट्रामच्या कारखान्यातून निवृत्त झालेला हा आडदांड माणूस बायकोचा दंड धरून तिला चर्चला नेई, बाजारात नेई, दर मंगळवारी अंधांच्या क्लबात पोचवी आणि दोन तासांनी परत आणी. इर्मिनाला काय वाटतं, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं. तिची दृष्टी काचबिंदूनं नेली त्याला तीन वर्षं झाली होती.

लोकांना वाटे, तिला फुलं आठवत असतील, आकाश आठवत असेल. तिला आठवत होते जिने! सव्वीस वर्षं तिनं टपाल वाटलं होतं. कुठल्या जिन्यात कोबीचा वास, कुठल्या मजल्यावर कुत्रं, कुठे म्हातारी दार उघडायला चार मिनिटं घेते, सगळं तिच्या पायांत साठलं होतं. आणि ते पाय आता दिवसभर खुर्चीखाली एकमेकांवर घासत बसायचे.

क्लबात ओतिलियाबाई संगणक शिकवायच्या. साठी ओलांडलेल्या, जन्मांध, आणि जिभेला धार. एका मंगळवारी त्या म्हणाल्या, “इर्मिना, पत्रं लिहून लिहून कंटाळलीस ना? चल, तुला गावाला पाठवते.”

“कुठल्या?”

“एक खेळ आहे. चित्र एकही नाही, सगळं अक्षरांत. संगणक वाचून दाखवणार, ‘तुम्ही चौकात उभे आहात, उत्तरेला बेकरी, पूर्वेला वेस.’ तू ‘उत्तर’ लिहिलंस की पोचलीस बेकरीत. शेकडो माणसं आपापल्या घरी बसून एकाच वेळी त्या गावात फिरत असतात.”

“त्यांना कळतं का, मला दिसत नाही ते?”

“अगं, तिथे कोणालाच दिसत नाही! डोळसही तेच वाक्य वाचतो. फक्त तू ऐकतेस.”

इर्मिना त्या संध्याकाळी घरी कानाला हेडफोन लावून बसली. नवख्या माणसाच्या हातून जे व्हायचं ते सगळं झालं. संगणकाचा आवाज इतका भरभर वाचत होता, की बेकरी कळेपर्यंत ती कारंज्यात पडली होती. मग कोणीतरी हटकलं, तर तिनं नीट ओळख करून दिली, “नमस्कार. मी इर्मिना, बितोमची, वय चौपन्न, साखर थोडी वाढलेली असते.” ती गेली सगळ्या गावाला ऐकू! उत्तर आलं, “नमस्कार इर्मिना. मी बुटका, वय तीनशे, गुडघे दुखतात.”

इर्मिना मोठ्यानं हसली. एर्विन बटाटे सोलत होता, त्याच्या हातातली सुरी थांबली. तीन वर्षांत हे हसू त्यानं ऐकलं नव्हतं, आणि ते त्याच्यामुळे आलेलं नव्हतं.

आठवड्याभरात तिला एका बदकानं दोनदा ठार केलं. मग तिला त्या गावचं टपालघर सापडलं! तिथला कारकून नवख्यांना एकेक पत्र वाटायला देई. तिला मिळालं कुंभारआळीतल्या विधवेचं. चार दिवस ती आळी सापडेना. भांडी विसळताना इर्मिना पुटपुटायची, “वेशीपासून उत्तर, उत्तर, मग पूर्व… नाही, तिथे भिंत आहे.” खुर्चीखालचे पाय मात्र आता चालल्यासारखे हलत होते.

एर्विनला तिची ही वणवण बघवेना. पुढच्या मंगळवारी तिला क्लबात सोडून तो घरी आला आणि तिच्या नावानं स्वतःच खेळायला बसला. डोळस माणूस, पडद्यावरचं झरझर वाचणारा! दोन तासांत त्यानं विधवेचं पत्र पोचवलं, वर आणखी नऊ पोचवली, लांडगे मारले, उत्तम बूट मिळवले आणि जहाजात बसून थेट राजधानी गाठली.

संध्याकाळी इर्मिनानं हेडफोन चढवले. तिनं ऐकलं, “तुम्ही राजधानीच्या तटावर उभे आहात.”

“एर्विन, मी कुठे आहे?”

“गंमत केली तुझ्यासाठी!” तो हात पुसत आला. “चार महिन्यांचं काम उरकून टाकलं.”

“आणि पत्र?”

“दिलं की! म्हातारीनं आभारसुद्धा मानले.”

“काय म्हणाली?”

“ते… वाचलं नाही गं. भराभर पुढे गेलो.”

इर्मिनानं हेडफोन काढले आणि वायर नीट गुंडाळून ठेवली. नंतर ती रडली, पण इतक्या हळू, की शेजारच्यांनाही कळू नये. पुढचे पाच दिवस तिनं संगणकाला हात लावला नाही.

एर्विन तणतणत ओतिलियाबाईंकडे गेला. “बाई, काय हा तुमचा खेळ! रडवलंत तिला.”

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “रविवारी घरी काय असतं?”

“मांसाच्या गुंडाळ्या, आपला रोलाडा, बटाट्याचे गोळे, लाल कोबी. का?”

“या रविवारी मी येते. तुझं ताट मी जेवते आणि झकास होतं म्हणून सांगते. चालेल?”

“बाई, थट्टा करू नका. शेवटी खेळच आहे तो!”

“खेळच आहे, म्हणून तर! बाहेर ती रस्ता चुकली तर ट्रामखाली जाईल अशी भीती तुला वाटते, आणि ती भीती खोटीही नाही. पण तिथे ती बदकाच्या हातून मेली तरी पुन्हा उठते. मनसोक्त चुकायला एवढी एकच जागा उरली होती तिला. तिथे जाऊनही तू तिचा दंड धरलास.”

“माझा हेतू वाईट नव्हता हो.”

“असता तर तिनं तुला चार शिव्या दिल्या असत्या आणि मोकळी झाली असती. तू चांगला आहेस, म्हणून तिला गुपचूप रडावं लागलं.”

एर्विननं हातातली टोपी फिरवली. “मग आता काय करू?”

“काही करू नकोस. जमतंय का बघ. ट्राम दुरुस्त करण्यापेक्षा अवघड आहे.”

घरी येऊन एर्विननं माफी मागितली, सवय नसल्यामुळे जरा ओबडधोबडच. इर्मिनानं ती ऐकून घेतली, खेळात दुसरं नाव घेतलं आणि पुन्हा कारंज्यापासून सुरुवात केली. या वेळी हेडफोन न लावता, त्यालाही ऐकू जाईल असं. टपालघरात तेच विधवेचं पत्र मिळालं.

आता खरी परीक्षा एर्विनची होती! ती खेळातल्या गावच्या विहिरीपाशी यायची आणि पूर्वेला गोठ्यात शिरायची. पुन्हा विहीर, पुन्हा गोठा. विहिरीपासून पश्चिमेला, फक्त पश्चिमेला! शब्द त्याच्या ओठांवर येई, की तो उठून जिन्यात जाई. पहिल्या संध्याकाळी दोनदा गेला, दुसऱ्या संध्याकाळी पाचदा.

तिसऱ्या संध्याकाळी इर्मिनानं विहिरीजवळचं वर्णन सावकाश, पुन्हा ऐकलं. “इथे ओल्या मातीचा आणि धुराचा वास येतो आहे. वारा पश्चिमेचा आहे.”

“वास!” ती ओरडली. “अरे, कुंभाराची भट्टी! मी गाढव, भिंती मोजत बसले!” तिनं ‘पश्चिम’ लिहिलं.

दार आलं. संगणकाचा तो कोरडा आवाज विधवेचं बोलणं वाचू लागला, “या चढावर कोणी येत नाही, बाई. जरा टेका. पुढच्या खेपेला पत्र नसलं तरी याल का?”

इर्मिनानं बोटांनी अक्षरं चाचपली. मग तिनं लिहिलं, “येईन.”

“एर्विन, तुला हा रस्ता ठाऊक होता ना?”

“होता.”

“आणि तीन दिवस बोलला नाहीस!”

“जीभ चावून चावून सुजली आहे.”

ती हसली. “माझ्या फेरीतले जिने अजून तिथेच असतील, नाही? एकदा चढून बघावेसे वाटतात. काठी घेऊन.”

“मी तुला ने…” एर्विन थांबला. “मागून येऊ का?”

“ये. पण बोलायचं नाही.”

वाचकहो, मायेनंसुद्धा माणसाचा रस्ता हिरावला जातो! कोणाची वाट आपण चालून दिली, तर तो पोचतो खरा, पण तिथे दार उघडून कोण काय बोललं हे त्याला कधीच कळत नाही. हात मागितला तर जरूर द्यावा. मागेपर्यंत तो आपल्या खिशात ठेवावा, आणि दहा पावलं मागून चालायला शिकावं.