राखीच्या मांडीवरचं पॅड

मी पॅड बोलतोय. परीक्षेचं, पुठ्ठ्याचं, वर पत्र्याचा चिमटा. चिमटा गंजलाय, पण पकड सुटलेली नाही. आज मात्र मला चैन नाही.

इंझोरीच्या निताच्या दहावीसाठी मला कारंज्याहून आणलं. पुढे तिनं मानसशास्त्र धरलं तेव्हा तिचे वडील रामराव म्हणाले, "मनाचं काय शिकतं माय? आमाले का मन नाही? दुखलं का कधी?" त्यांचंही दुखायचं ना! तेव्हा ताटं आपटली जायची. मी कोनाड्यातून पाहिलंय.

निताताई शिकलीच. आता चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांच्या मनाचा अभ्यास करते. एसटीनं गावोगाव फिरते, मी पिशवीत. लोक तिला 'येड्यायची डॉक्टरीण' म्हणतात.

आज एका शाळेत तिनं नववीला वीस प्रश्न वाटले. नाव घालायचं नाही; 'रोज', 'कधीकधी' की 'कधीच नाही', खरं असेल त्यावर खूण करायची. वर्गातल्या राखीकडे पुठ्ठा नव्हता, म्हणून ताईनं मला तिच्या मांडीवर ठेवलं. तेवढ्यात हेडमास्तरांनी ताईला चहाला ओढून नेलं. पाहुणीला चहाशिवाय सोडतील कसे?

लगेच वर्गशिक्षक बबनराव सर आत. "नाव बुडवता काय बे शाळेचं? सगळ्यायनं 'कधीच नाही'वर खूण करा!"

'झोप लागत नाही' यापुढे राखीनं 'रोज'वर खूण केली होती. सर मागेच उभे.

"खोड ते. खाऊन-पिऊन टुणटुणीत तं हायेस!"

वर्ग हसला. राखीनं खोडरबर इतकं घासलं की कागद फाटला. मला पोळलं.

एसटी स्टँडवर ताईनं गोळा केलेले बेचाळीस कागद चाळले. सगळे एकसारखे. तिचं तोंड उतरलं. मग सतराव्या प्रश्नाशी बोट थांबलं. 'तुमचं कोणी ऐकून घेतं का?'

बेचाळीस वेळा, कधीच नाही.

सरांनी प्रश्न वाचलेच नव्हते. सगळ्या खोट्यात तेवढं एक खरं उतरलं.

फाटक्या कागदावरून ताईनं हात फिरवला. समोर लागलेली एसटी सोडली आणि शाळेत परतली. बबनराव सर वर्गातच होते, चहाचं विचारू लागले.

"सर, चहा नको. वर्ग द्या. तुमी बाहेर थांबा."

"मॅडम, पोट्टे खोटं बोलतीन."

"मंग बोलू द्या ना. दार लावून घ्या."

प्रश्नांचे कोरे कागद पुन्हा वाटले. राखीनं आपणहून मला उचललं. पहिल्या प्रश्नावर तिची पेन्सिल ठकठक करतेय, लिहीत नाहीये. दार पुरतं लागलेलं नाही. फटीत सरांची चप्पल दिसतेय.

मोठ्यांनो, तुमची अक्कल नको, माया नंतर दाखवा. आधी तेवढी चप्पल हलवा.