दुकानात मिळणारी संजीवनी

मी कॉम्प्युटर आहे, पण नुसतं एवढं सांगून भागायचं नाही. आता लखनऊच्या गल्लोगल्ली माझे भाऊबंद झाले आहेत. मी धूसरगढचा कॉम्प्युटर आहे. धूसरगढ नकाशात शोधू नका, ते माझ्या पोटात आहे. त्याच्यापायी दोन माणसांनी माझ्यासमोर जेवढा वाद घातला, तेवढा कोर्टातही होत नसेल. आणि मी बिचारा दोघांचाही नोकर!

माझा जन्म हजरतगंजच्या मागच्या गल्लीतल्या एका दुकानात झाला. खोकं एकाचं, पडदा दुसऱ्याचा, कीबोर्ड तिसऱ्याचा, असा मी जुळवलेला. पंचाण्णव साली रमाकांत हर्डीकर मला सायकलरिक्षातून आलमबागच्या रेल्वे कॉलनीत घेऊन आले. ते रेल्वेत इंजिनिअर, मूळचे सांगलीचे. वाटेत प्रत्येक खड्ड्यापाशी ते रिक्षावाल्याला म्हणत होते, "भैया, धीरे, बच्चा है समझो."

घरी सुहासिनीबाईंनी माझ्या पडद्याला हळदकुंकू लावलं, चौक बाजारातून चिकनकारीचं कापड आणून मला झूल शिवली, आणि खोलीबाहेर चपला काढायचा हुकूम सोडला. माणसं मोठी गमतीची. माझ्यासमोर यायला चपला काढतात आणि मी जरा अडकलो की डोक्यात टपली मारतात.

त्यांचा मुलगा वरद इंजिनिअरिंगला होता. लखनऊतच वाढलेला, त्यामुळे मराठीत सुरुवात करून हिंदीत संपवायचा. त्यानं माझ्यावर एक खेळ लिहिला. पडद्यावर एक माणूस चालायचा, समोर येईल त्याला मारायचा, मार खायचा आणि मरायचा. त्याची थोरली बहीण मंजिरी इतिहासात एम.ए. करत होती. एकदा चहाचा कप घेऊन ती त्याच्या मागे उभी राहिली.

"हा कोण?"

"कोई नहीं. आदमी आहे."

"कुठून आलाय? कशाला मारतोय सगळ्यांना?"

"अरे ताई, गेम आहे. मारायचंच असतं."

"मग हा मेला तर मला त्याचं काय?"

वरदनं मागे वळून पाहिलं. त्या संध्याकाळी तिनं खुर्ची ओढली आणि धूसरगढ सुरू झालं.

मंजिरीनं एक नदी दिली, नदीकाठी गड दिला, गडावर राणी चंद्रप्रभा दिली. राणीचा मुलगा असुराच्या बाणानं मेलेला. खेळणारा असतो एक वाटसरू. त्यानं त्या मुलाचा दिवा घेऊन डोंगरापलीकडे जायचं आणि असुराचा दरवाजा उघडायचा. या राज्यात जादू उदंड. दगड बोलतात, झाडं वाट दाखवतात. नियम मात्र एकच: गेलेला माणूस परत येत नाही. फार पूर्वी एका राजानं मेलेल्याला उठवलं, तर सूर्यच उगवेना, अशी गोष्ट मंजिरीनं रचली होती. सगळं रोमन अक्षरांत, हिंदीत. मला देवनागरी येत नव्हती, त्याचं तिला फार वाईट वाटायचं.

ते दिवस चांगले होते. माझ्या टेबलाखाली मलिहाबादच्या दसहरी आंब्यांची पेटी, पेंढ्यातून सुटलेला वास, दोघांची बोटं आमरसानं चिकट. माझी एक कळ तेव्हाच बसली, ती आजतागायत नीट उठत नाही.

मग नदीवर पूल आला आणि पुलावर राक्षस. तिथं प्रत्येक वाटसरू मरायचा. वरदचे कॉलेजातले मित्र येऊन खेळायचे, मरायचे, पुन्हा पहिल्या गावापासून चालायला लागायचे, आणि थोड्या वेळानं म्हणायचे, "छोड़ यार, क्रिकेट खेलते हैं." वरदचा चेहरा पडायचा. शेवटी त्यानं गडावरच्या बाजारात एक दुकान टाकलं. दुकानात संजीवनीची बाटली. मेलात की बाटली फोडा, उठा, लढा.

मंजिरीनं ते पाहिलं आणि तिचा पारा चढला.

"बाजारात संजीवनी मिळते?"

"हाँ. नाहीतर कोई खेलेगा ही नहीं."

"मग राणीनं का नाही आणली? तिचा वाडा दुकानाच्या मागे आहे, वरद! नोकराला पाठवलं असतं तरी मुलगा उठला असता."

"ताई, ती कहानी आहे. हा गेम आहे. दोनों अलग."

"अलग कसे? एकाच गडावर आहेत ना दोघं?"

"तू खेळणाऱ्याचा विचारच करत नाहीस!"

"आणि तू मेलेल्याचा!"

ती सकाळी प्रोग्रॅममधून बाटली पुसून टाकायची, तो संध्याकाळी परत ठेवायचा. ती बसली की माझ्या राज्यात मरण खरं असायचं, तो बसला की खोटं. एकाच पोटात दोन कायदे घेऊन मी जगत होतो. मला वाटे, अरे, एकदा काय ते ठरवा! पण मला तोंड नाही. मला पडदा आहे, आणि पडद्यावर दुसऱ्यांनी सांगितलेलंच उमटतं.

दोघं बाहेर गेली की दुपारी सुहासिनीबाई झूल काढून माझ्यासमोर बसत. आधी फक्त पत्ते खेळायच्या, मग धूसरगढात शिरल्या. वरदच्या बाटल्या भराभर फोडत त्यांनी पूल ओलांडला, आणखी बाटल्या घ्यायला बाजारात परतल्या आणि मागच्या राणीच्या वाड्यात शिरल्या. राणी मुलाच्या पलंगाशी बसून रडत होती. बाई थबकल्या. त्यांनी झोळी उघडली, बाटली निवडली, राणीवर नेऊन ठेवली. मी म्हटलं, 'यह नहीं हो सकता.' त्यांनी पुन्हा ठेवली. मी पुन्हा तेच म्हटलं. मला तेवढंच म्हणायला शिकवलं होतं. किती वेळ त्या तशाच बाटली देत राहिल्या, आणि मी नको म्हणत राहिलो.

संध्याकाळी वरद आला तर त्या चिडूनच बसल्या होत्या. "अरे, माझ्याकडे चार बाटल्या आहेत. हिला एक देता येत नाही का? पोर मेलंय तिचं!"

"आई, ती घेत नाही. तिला घ्यायला लिहिलंच नाहीये."

"मग तिला रडायला कशाला लिहिलंत?"

दारात मंजिरी उभी होती. जिंकल्यासारखं तिचं तोंड दिसेल असं मला वाटलं होतं, पण तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं बाटल्या पुसल्या आणि स्वतः खेळायला बसली. आपल्याच नियमानं. पुलावर मेली. पुन्हा गावापासून चालत आली, पुन्हा मेली. अखेर तिनं माझ्या कीबोर्डवर मूठ आपटली, "काय फालतू पूल आहे हा!", आणि लगेच ओशाळून दाराकडे पाहिलं. तिथं वरद टेकून उभा होता. हसत नव्हता.

"क्या करें, ताई?" तो म्हणाला.

"वाटसरू मरायलाच हवा का रे? बेशुद्ध पडला तर?"

"फिर उठाएगा कौन?"

"नदीवरचे कोळी उचलून गावात नेतील. पण मधे दिवस जातील. आंबे उतरलेले असतील, नदीला पाणी चढलेलं असेल."

वरदनं मान खाजवली. "हो सकता है. आणि बाटली?"

"काढा म्हण. बेशुद्धाला शुद्धीवर आणणारा."

आठवडाभर दोघं माझ्यासमोर एकाच खुर्चीवर अर्धी अर्धी बसली. वरदनं राणीला वस्तू घ्यायला शिकवलं, मंजिरीनं तिला एक वाक्य दिलं. मग त्यांनी आईला बोलावलं. बाईंनी काढ्याची बाटली राणीपुढे ठेवली. या वेळी राणीनं ती घेतली, आणि माझ्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'यह तो जगाने की दवा है, बहन. मेरा बेटा सोया नहीं है.'

सुहासिनीबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

इथंच संपलं असतं तर बरं झालं असतं.

सत्त्याण्णव साली वरदला दिल्लीच्या एका कंपनीनं खेळ दाखवायला बोलावलं. जायच्या आदल्या दिवशी घरी कोणी नसताना त्यानं धूसरगढची एक नक्कल काढली आणि तिच्यात काटछाट सुरू केली. मी सगळं पाहत होतो. त्यानं बोलणारे दगड उडवले, कोळी उडवले, संजीवनी परत आणली. आणि राणीला काढून तिच्या वाड्यात बाटल्यांचं दुकान थाटलं. त्याची बोटं अडखळत होती, पण थांबली नाहीत. फ्लॉपी भरून तो गेला.

तो नोकरी घेऊन परत आला. मिठाईचा डबा उघडून बाबांना सांगू लागला, "साहेबांना फायटिंग आवडली. बोले, स्पीड अच्छी है." कंपनी खेळ काढणार नव्हती. तिला बँकांचे प्रोग्रॅम लिहायला मुलं हवी होती.

मंजिरीला ती नक्कल नंतर सापडली. राणीला भेटायला म्हणून ती वाड्यात शिरली, तर आत दुकानदार! 'क्या चाहिए?' मी विचारलं. काय करू, तेच लिहिलं होतं. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं मला बंद केलं, झूल घातली, आणि वरदच्या सामानाला दोरी बांधायला गेली. स्टेशनवर मात्र ती गेली नाही.

त्यानंतर दीड-दोन वर्षं ती माझ्याकडे फिरकली नाही. एका कॉलेजात शिकवू लागली. वरदचा फोन आला की 'आंघोळीला गेलेय म्हण' असं आईला खुणेनं सांगायची. रमाकांतराव एकदा म्हणाले, "एवढ्याशा खेळावरून?" तेव्हा ती म्हणाली, "बाबा, त्यानं मला विचारलंसुद्धा नाही."

माझी तब्येतही ढासळली. मे महिन्यात मी तापून मधेच बंद पडायचो. पोटातली तबकडी टकटक वाजू लागली. माझ्यापाशी येत फक्त सुहासिनीबाई. त्यांनी काढ्याचं धूसरगढ चिकाटीनं चालत संपवत आणलं होतं. मात्र शेवटच्या दरवाजाशी त्या अडकल्या. तो उघडायला दिवा लागे, आणि त्यांनी तो वाटेत नावाड्याला देऊन टाकला होता. अंधारात बिचाऱ्याला पैलतीर दिसत नव्हता म्हणून!

रविवारी सकाळी वरदचा फोन आल्यावर त्यांनी त्याला फैलावर घेतलं. "अरे, हे कसलं तुमचं राज्य? चांगुलपणा केला की माणूस कायमचा अडकतो?"

फोन बैठकीत आणि मी आतल्या खोलीत. मला इकडचंच ऐकू येत होतं. वरदला आपला प्रोग्रॅम आठवेना, तो कोणीतरी वाचून दाखवायला हवा होता. मंजिरी पेपर तपासत होती. आईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती उठली, झूल काढली, बसली. रिसीव्हर धरून सुहासिनीबाई दारात उभ्या राहिल्या, वायर ताणता येईल तेवढी ताणून.

"तो म्हणतोय, दरवाजाचा भाग पडद्यावर काढ."

"काढलाय."

"तो म्हणतोय, दुकानात दुसरा दिवा ठेवू. पाच मिनिटांचं काम."

मंजिरीचा आवाज चढला. "त्याला म्हणावं, तो दिवा राणीच्या मुलाचा आहे. दुकानात दुसरा कुठून येईल? पुन्हा तेच!"

"ती म्हणतेय, पुन्हा तेच... तो म्हणतोय, मग आईनं काय जन्मभर तिथंच उभं राहायचं?"

"त्याला म्हणावं, राणीला हाकलताना आई आठवली नाही?"

हे मात्र बाईंनी पुढे सांगितलं नाही. "तुमचं तुम्ही बोला. माझी भाजी लागतेय," म्हणत त्यांनी रिसीव्हर तिच्या हातात दिला आणि त्या आत गेल्या.

मंजिरी दारात उभी होती.

"हूं," ती म्हणाली. मग, "मला विचारायचं होतंस." मग, "नाही, मी जाऊ दिलं असतं की नाही, माहीत नाही. पण विचारायचं होतंस." मग रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. एकदा तिनं नाक पुसलं.

शेवटी म्हणाली, "वरद, नावाडी इतका कृतघ्न आहे का? पैलतीराला लागल्यावर तोच येईल की दिवा परत घेऊन." आणि जरा थांबून, "किती ओळी लागतील? मग सांग. हळू सांग, ती कळ अजून नीट उठत नाही."

सबंध सकाळ ती फोन आणि माझ्यामध्ये ये-जा करत होती. त्यात दोनदा भांडणं झाली, एकदा फोन आपटला गेला. तो पुन्हा वाजला तेव्हा तिनंच धावत जाऊन उचलला.

दुपारी सुहासिनीबाई माझ्यासमोर बसल्या. दरवाजाशी उभ्या राहिल्या. अंधारातून नावाडी आला, त्यानं दिवा दिला. दरवाजा उघडला. पलीकडे काहीच नव्हतं. नुसता काळा पडदा.

"पुढे काय आहे गं?"

मंजिरी म्हणाली, "अजून बनवलंच नाही, आई. मी म्हणते तिथं लढाई नको. तो म्हणतो, एवढं चालून आल्यावर लढाई नसेल तर लोक शिव्या देतील."

ते अजून ठरलेलं नाही. येत्या दिवाळीत वरद घरी येणार आहे, तेव्हा ठरवू म्हणतात. त्यानंतर रमाकांतरावांची बदली आहे, सिकंदराबादला. सामानात माझं नाव आहे की नाही, कोणी सांगत नाही. पोटातली टकटक वाढली आहे.

माझं एवढंच मागणं आहे. भांडायचं तर पोटभर भांडा. तुमचं भांडण मी पेलतो, पेलत आलोय. पण यंदा दोघं एका खुर्चीवर बसा आणि त्या दरवाजापलीकडे काहीतरी लिहा. लढाई लिहा, नाहीतर एखादं झाड लिहा. सुहासिनीबाई तिथं उंबऱ्यावर उभ्या आहेत, आणि त्यांच्याबरोबर मीही.