उपवासाच्या लाडवांचा डबा

या मित्रांनो, सतरंजीवर असे माझ्याजवळ सरका. बुवा अजून फेटा बांधतायत. कीर्तन उभं राहीपर्यंत माझी गोष्ट सांगून होईल.

मी एक जुना पितळी डबा आहे. वच्छलाबाईंच्या आईनं मला वैजापूरच्या बाजारातून आणलं. गारखेड्यातल्या या देवळात दर एकादशीला कीर्तनाचा प्रसाद माझ्यातून वाटतात. वच्छलाबाई मला चिंचेनं घासायच्या आणि माझ्यात राजगिऱ्याचे लाडू भरायच्या. लाडू खमंग व्हावेत म्हणून त्यात मूठभर शेंगदाण्याचं कूट घालायच्या. सगळे माझी वाट बघायचे. मला त्याचा गर्वही होता.

मागच्या श्रावणातली गोष्ट. आरती झाली. सहा वर्षांची मनस्विनी पहिल्यांदाच आली होती. तिची आई, प्रमोदिनीताई, बाहेर चपला शोधत होत्या.

“आजी, मला हे चालतं का?” लाडवाकडे बघत मनस्विनीनं वच्छलाबाईंना विचारलं.

“न चालायला काय झालं? उपवासाचाच हाय. प्रसादाला नाय म्हणू नये, बाळा.”

वच्छलाबाई तिच्या हातावर लाडू ठेवून मला घेऊन पुढच्या रांगेत गेल्या. थोड्याच वेळात मागं गलका झाला. मनस्विनीच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते, श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

“उपवास झेपला नसंल. लिंबूपाणी द्या,” कोणी म्हणालं.

“हिला शेंगदाणे चालत नाहीत हो. काय खाल्लं हिनं?” प्रमोदिनीताई धावत आत आल्या.

“राजगिऱ्याचा लाडू फक्त,” शेजारी बसलेली एक बाई म्हणाली.

तेव्हा मला कळलं, मित्रांनो. माझ्या पोटात काय आहे ते मला ठाऊक होतं, पण तेव्हा मला वाचा नव्हती.

शेजारच्या गल्लीतल्या रत्नमाला सिस्टर दर कीर्तनाला दारात उभ्या राहून अभंग ऐकायच्या. त्या आत धावल्या. “डबा कुठंय?” त्यांनी लाडू फोडला, हुंगला. “कूट आहे यात. पाणी देऊ नका. बुवा, रिक्षा थांबवा.”

मलाही त्यांनी बरोबर घेतलं, डॉक्टरांना दाखवायला. रिक्षात मनस्विनीची मान कलली, तशी वच्छलाबाईंनी माझी कडी घट्ट धरली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारत बसण्यात वेळ घालवला नाही. मांडीत इंजेक्शन दिलं. श्वासातली शिट्टी हळूहळू कमी झाली. मनस्विनीनं डोळे उघडले.

“चला मग घरी,” वच्छलाबाई म्हणाल्या.

“उद्यापर्यंत इथंच. हे परत उलटू शकतं,” डॉक्टर म्हणाले.

“पण एका लाडवानं एवढं कसं हो?”

रत्नमाला सिस्टर त्यांच्याजवळ बसल्या. “मावशी, शरीरात पहारेकरी असतात. हिच्या पहारेकऱ्यांनी शेंगदाण्याला दरोडेखोर समजून घरातच लाठ्या चालवल्या. लाडू वाईट नव्हता.”

वच्छलाबाई तरी दोन एकादशा देवळात आल्या नाहीत. मी फडताळात काळा पडत होतो. तिसऱ्या एकादशीला मनस्विनीच त्यांना हाताला धरून घेऊन आली. त्या दिवसापासून माझ्यात फक्त खडीसाखर असते, आणि तरीही वच्छलाबाई प्रत्येक मुलाला आधी विचारतात, “बाळा, तुला काय चालत नाय?”

बुवा उभे राहिले बघा. जाता जाता एवढंच मागतो. कुणाच्या हातावर प्रेमानं काही ठेवाल, तेव्हा आमच्या वच्छलाबाईंची आठवण ठेवा.